उशीखालचं काळं पुस्तक आणि देव्हाऱ्यातली पोथी

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी १९ वर्षांची, छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या उशीखाली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी सापडली. काळं कव्हर, त्यावर कवटी आणि गुलाब. रीलवर सगळ्या पोरी हेच पुस्तक दाखवतात म्हणे. ताईंनी अडखळत का होईना, मधली चार पानं वाचली. नायक रात्री नायिकेच्या घरात गुपचूप शिरतो, तिच्या फोनवर नजर ठेवतो, एकदा तिला बांधून ठेवतो, आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते असं पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरच्या मजकुरावरून कळलं. ताईंनी पुस्तक धान्याच्या कोठीमागं लपवलं. मुलीनं शोधलं, विचारलं मात्र नाही. यांनीही सांगितलं नाही. ती परत गेली. आता ताईंचे तीन प्रश्न आहेत: "म्याडम, पोरगी असलं का वाचायलीय? असलाच नवरा पाहिजे का काय तिला? आणि असल्या पुस्तकावर बंदी नाही का? जाळून टाकू का?"

ताई, जाळू नका. मेसच्या पैशातून वाचवून घेतलेलं असणार ते. शिवाय पुस्तक जाळून काय होतं ते मी एकदा पाहिलंय, जाळलं नव्हतं तरी. ते पुढं सांगते.

मी अंबाजोगाईत ३१ वर्षं ग्रंथालयात काढली. देवघेवीच्या खिडकीमागं बसलं की माणसं काय वाचतात यापेक्षा काय लपवून वाचतात ते आधी कळतं. वर अध्यात्माचं पुस्तक आणि खाली रहस्यकथा अशी जोडी काउंटरवर ठेवणारे गुरुजी मी पाहिलेत. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी माझ्या ओसरीवर कॉलेजच्या मुली पुस्तकं घेऊन बसतात. गेल्या चार वर्षांत या जातीची डझनभर पुस्तकं तिथं आली. सुरुवातीला मुली माझ्यापासून लपवायच्या. आता माझ्यासमोर त्यांच्यावरून भांडतात.

तुम्ही नाव कळवलंत तेव्हा हे पुस्तक मी मागवलं आणि तीन रात्रींत वाचून काढलं. नाव इथं मुद्दाम देत नाही, नाहीतर आणखी दहा आया कोठीमागं जागा शोधायला लागतील. माझं मत विचाराल तर लेखन सुमार आहे. नायकाचे डोळे दर चार पानांनी काळे पडतात, जबडा दर सहा पानांनी आवळला जातो, आणि नायिका चांगली शिकलेली असून दाराची कडी बदलून घ्यायचं तिला सुचत नाही. पण खरं तेही सांगते. मधली शंभरेक पानं मला खाली ठेवता आली नाहीत. एका रात्री दूध उतू गेलं. साठी ओलांडलेल्या बाईचं हे झालं, तर १९ वर्षांच्या पोरीला दोष काय द्यायचा?

या प्रकाराला डार्क रोमान्स म्हणतात. असते ती प्रेमकथाच, आणि शेवटी दोघं एकत्र येणार हे वाचणारीला पहिल्या पानापासून माहीत असतं. वाट मात्र काळोखातून जाते. नायक खुनी असतो, माफियावाला असतो, पळवून नेणारा नाहीतर पाठलाग करणारा असतो. नायिकेची संमती कुठं धूसर असते, कुठं सरळ नसतेच. हे नवं आहे असं समजू नका. सॅम्युअल रिचर्डसनची 'पामेला' १७४० सालची. त्यात मालक मोलकरणीला कोंडून ठेवतो, तिच्यावर हात टाकायला बघतो आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं. १९१९ सालच्या 'द शेख' या कादंबरीत वाळवंटातला शेख इंग्रज तरुणीला पळवून नेतो, तीही बाईनंच लिहिलेली. नवीन आहे ती गावोगाव पोचण्याची रीत. टिकटॉकवरच्या वाचकांनी हा प्रकार जगभर नेला. आपल्याकडं टिकटॉक जून २०२० मध्ये बंद झालं, म्हणून इन्स्टाग्रामच्या रीलमधून आला. रीलमध्ये असतं काय, तर एक मेणबत्ती, पुस्तकाच्या कडा रंगवलेल्या, पिवळ्या मार्करनं खुणावलेलं एखादं वाक्य आणि खाली मिरच्यांची चित्रं. मिरच्या म्हणजे शृंगार किती उघडा त्याचं माप. पाच मिरच्या दिसल्या की समजून जायचं. पण मिरच्यांवरून जबरदस्ती किती ते कळत नाही. नवरा-बायकोच्या राजीखुशीच्या शृंगारालाही पाच मिरच्या, आणि बांधून ठेवून केलेल्याही गोष्टीला पाचच. रीलचं हे मोजमाप मला पटत नाही, आणि मी मुलींना तसं सांगते.

जबरदस्ती किती ते पुस्तकाच्या सुरुवातीला वेगळं छापलेलं असतं. या प्रकारच्या बहुतेक लेखिका पहिल्या पानांतच सूचना देतात: यात पाठलाग आहे, बलात्कार आहे, माणसांची तस्करी आहे, आत्महत्येचा उल्लेख आहे, १८ च्या आतल्यांनी वाचू नये. सिनेमाला आपल्याकडं प्रमाणपत्र लागतं, पुस्तकाला लागत नाही. तेव्हा लेखिकेनं आपणहून दिलेलं ते पान म्हणजेच काय ते प्रमाणपत्र. आमच्या गटातली एक मुलगी असंच एक पुस्तक टेलिग्रामवरच्या फुकट पीडीएफमधून वाचत होती. कुणीतरी सुरुवातीची पानं गाळून टाकलेली, त्यात ते सूचनेचं पानही गेलं. अर्ध्यावर आल्यावर तिच्यापुढं जे आलं त्याची तिनं कल्पनाच केलेली नव्हती. दोन रात्री झोपली नाही बिचारी. चोरीच्या पीडीएफनं लेखिकेचं नुकसान होतं हे सगळे सांगतात, वाचणारीचं असंही होतं. तुमच्या लेकीच्या प्रतीत ते पान आहे का बघा. असेल तर तिनं ते वाचूनच पुढचं पान उलटलंय.

बंदीचं विचारलंत. मराठीत यावर मोठा खटला होऊन गेलाय. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही गोष्ट 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून खटला भरला, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना सोडलं. निकालात न्यायालयानं म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की नुसता स्त्री-पुरुष संबंधांचा उल्लेख आला म्हणून पुस्तक तरुणांना वर्ज्य ठरवायचं तर त्यांच्या हाती निव्वळ धार्मिक पुस्तकंच उरतील. हे वाचलं की मला हसू येतं, कारण आपल्या धार्मिक पुस्तकांत काय आहे ते आपण नीट बघत नाही.

आपल्या भागात लग्न लांबलेल्या मुलीला काय वाचायला बसवतात? रुक्मिणी स्वयंवर. पैठणच्या नाथांचं. मी २३ वर्षांची झाले तेव्हा आईनं मलाही बसवलं होतं, पहाटे अंघोळ करून, पाटावर, उदबत्ती लावून. तुमच्याही देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली पोथी असेल. आता त्यातली हकिगत नुसती सांगाड्यासारखी सांगून बघा. लग्न ठरलेली नवरी देवीच्या दर्शनाला जाते. देवळातून बाहेर येताच एक पुरुष तिला भर गर्दीतून रथात घालून पळवतो. भाऊ मागं धावतो, तर त्याचा पाडाव करून बहिणीच्या डोळ्यांदेखत त्याचे केस भादरले जातात. मग लग्न. यावर कवटी-गुलाबाचं कव्हर सहज बसेल. नाथांच्या कितीतरी आधी, देवगिरीच्या यादवांच्या काळात महानुभाव कवी नरेंद्रानंही हीच कथा मराठीत घेतली होती. म्हणजे पळवून नेण्याची गोष्ट मराठवाड्यातल्या बायकांच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोथी वाचून आपली पोरगी कुणी पळवून न्यायची वाट बघत बसेल, अशी धास्ती मात्र कुठल्या आईनं घेतलेली मी ऐकली नाही.

कारण पळवण्याच्या आधी पत्र आहे. रुक्मिणीनं आपणहून लिहिलेलं, सुदेव ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडलेलं. कधी यायचं, कुठल्या देवळापाशी यायचं, तेसुद्धा तिनंच कळवलेलं. रथ कृष्णाचा, बेत सगळा तिचा. पळवलं गेलं ते भावानं ठरवलेल्या लग्नातून.

म्हणून आमच्या ओसरीवर असलं कुठलंही पुस्तक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पत्र कुणी लिहिलं? मुली हसतात, पण मग पानं चाळायला लागतात. काही पुस्तकांत पत्र सापडतं. म्हणजे नायिकेनं कुठंतरी स्पष्ट हो म्हटलेलं असतं, खेळ दोघांनी ठरवलेला असतो, वरवर दिसायला भयंकर असलं तरी. तुमच्या लेकीच्या पुस्तकात ते नाही. मी खुणा करत वाचलं. नायिका नको म्हणते, पुन्हा नको म्हणते, आणि मग लेखिका तिच्या शरीराकडून हो वदवून घेते. ही या प्रकारातली सगळ्यात लबाड जागा. तोंड नको म्हणतंय पण अंग हो म्हणतंय, हे वाक्य मला कुठल्याही मुलीच्या डोक्यात राहू द्यायचं नाही. कारण हेच वाक्य कोर्टात आरोपीचे वकील बोलत आलेत.

मग पोरींना आवडतं काय यात? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मुलींनीच दिलं.

या पुस्तकांची बांधणी बघा. एक प्रकरण तिच्या तोंडून, दुसरं त्याच्या तोंडून. ती म्हणते, अंधारात कोणीतरी उभं आहे, मी थरथर कापतेय. पुढच्याच प्रकरणात तो सांगतो, हिच्या केसाला धक्का लागला तर मी जग पेटवीन. म्हणजे घाबरते ती नायिका. वाचणारीला दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या दिलेल्या असतात, आणि पुस्तक मिटायचं कधी तेही तिच्याच हातात. माळेगावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसून किंचाळणारी बाई काही पडायला निघालेली नसते.

मागच्या वर्षी गटातल्या एका मुलीच्या मागं एक पोरगा लागला. बसस्टँडपासून क्लासपर्यंत मोटारसायकल, चौकात उभं राहणं, कुणाकडून तरी नंबर मिळवून रात्री मेसेज. मैत्रिणी चेष्टेनं म्हणाल्या, "अगं, तुला तर पुस्तकातलाच हिरो भेटला की." ती चटकन म्हणाली, "ह्याला चॅप्टर कुठंय? पुस्तकातल्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला वाचायला मिळतंय. ह्याच्या डोक्यात काय चाललंय, काय माहीत मला?" ओसरीवर सगळ्या गप्प झाल्या. समीक्षेची कपाटंच्या कपाटं माझ्या हाताखालून गेली, पण डार्क रोमान्सबद्दल इतकं नेमकं मी कुठं वाचलं नव्हतं.

तिनं घरी सांगितलं. घरच्यांनी शहाणपणा केला तो असा, की तिचा क्लास बंद केला नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले आणि पोलिसांच्या दामिनी पथकाकडं गेले. बाईनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागं जाणं, संपर्क करायला बघणं, तिच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधीच्या दंड संहितेत हा गुन्हा वेगळा म्हणून २०१३ मध्ये आला, त्याआधी आमच्या पिढीला 'छेडछाड' या एका मिळमिळीत शब्दावर भागवावं लागायचं. त्या पुस्तकातल्या नायकानं पहिल्या शंभर पानांत जेवढं केलंय, तेवढ्यावर आपल्याकडं त्याच्यावर चार-पाच कलमं लागली असती. हा हिशेब आम्ही एका शनिवारी खरोखर मांडला. मुलींना भलतीच मजा आली.

आवडण्याचं दुसरं कारण जरा टोचणारं आहे. मी एकीला विचारलं, यातलं कुठलं पान तू परत परत वाचतेस? मला वाटलं मिरच्यांचं असेल. तिनं दाखवलं ते वेगळंच निघालं. नायिका आजारी आहे आणि नायक तिला काय आवडतं, ती चहा कसा घेते, तिला कशाची भीती वाटते, हे सगळं न विचारता जाणून आहे. "म्याडम, आमच्या घरी मी चहात साखर घेत नाही हे कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. ते पाळत ठेवून कळलेलं आहे हे तिलाही दिसत होतंच. पण कुणीतरी आपल्याकडं एवढं लक्ष देऊन बघावं ही भूक खरी आहे. लक्ष आणि पाळत यांतला फरक तिला समजावायला मला फार वेळ लागला नाही. चहाचं मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं.

१९८४ मध्ये जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून 'रीडिंग द रोमान्स' हा ग्रंथ लिहिला. त्या बायकांचं म्हणणं होतं की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आपला असतो, तेवढ्यापुरतं घरादाराला वाटून द्यायचं काही नसतं. रॅडवेबाईंना दुसरंही दिसलं. पुरुषाच्या तुसडेपणाआड प्रेमच दडलेलं आहे, असा अर्थ लावायची सवय ही पुस्तकं लावतात. मला भीती आहे ती या दुसऱ्याची. बांधून ठेवणारा माफिया लातुरात कुणाला भेटायचा नाही. भेटेल तो फोनचा पासवर्ड मागणारा. "कुठं हाईस, कुणासोबत हाईस, फोटो पाठव" म्हणणारा. मैत्रिणींशी बोलू नको म्हणणारा, ओरडल्यावर "तुझ्यावर जीव आहे म्हणून रागावतो" म्हणणारा. पुस्तकातल्या मोठ्या क्रौर्याला मुली ओळखतात. या बारीक गोष्टी तिथं इतक्या सहज येऊन जातात की नजरेतून निसटतात.

पण ताई, हे शिकवायला इंग्रजी पुस्तकच कशाला पाहिजे? संध्याकाळी टीव्हीवर काय चालू असतं आपल्याकडं? उर्मट उद्योगपती, बळजबरीचं लग्न, पहिले शंभर भाग छळ आणि मग प्रेम. फोनवर मराठी गोष्टींची ॲप आहेत, त्यांत हीच गोष्ट रोज एका भागानं बायका वाचतात, दुपारी भांडी झाल्यावर. तुम्ही वाचत असाल तर मी नावं ठेवत नाही, मीही दोन मालिका पूर्ण केल्यात. आणि गोष्टी सोडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड आणि परभणी जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. ऊसतोडीला जाताना पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून उरकून टाकलेली लग्नं मी डोळ्यांनी पाहिलीत. या मुलींना पत्र लिहायला कुणी कागद दिला होता? आधी लग्न, मग होईल प्रेम, हे आपण मांडवात म्हणतो. तेच काळ्या कव्हरात छापून आलं की दचकतो.

आता ते राहिलेलं सांगते. नोकरीत येऊन मला सात-आठ वर्षं झाली असतील. अकरावीतली एक मुलगी ग्रंथालयात यायची, वाचनाला वाघीण. एके दिवशी तिच्या वहीत दडवलेली एक मराठी कादंबरी मला दिसली, बाजारू, मुखपृष्ठावर पदर ढळलेली बाई. मी ती काढून घेतली आणि, मोठी जबाबदार असल्याच्या तोऱ्यात, संध्याकाळी तिच्या वडलांना बोलावून हातात दिली. ते काही बोलले नाहीत. पुस्तक पिशवीत टाकून गेले. मुलगी त्यानंतर ग्रंथालयात आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. माझ्यामुळंच झालं असं नाही, आधीच ठरत असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. तिच्या नावाचं वाचक कार्ड मी बरीच वर्षं रद्द केलं नाही. पुस्तकं काढून घेणं मी तेव्हापासून सोडलं.

म्हणजे काहीही वाचू द्यायचं असं मी म्हणत नाही. तुमची मुलगी १९ ची आहे. १३-१४ वर्षांच्या मुलीच्या हाती हे पुस्तक दिसलं असतं तर मी वेगळं बोलले असते. तेव्हा ते काढून ठेवायचं, पण तिच्या समोर, कारण सांगून आणि बदल्यात दुसरं काहीतरी देऊन. त्या वयात पुरुष आणि संबंध यांची पहिली ओळख जर अशा पुस्तकातून झाली तर पडताळून बघायला जवळ दुसरं काही नसतं. गटात एक आठवीतली मुलगी बहिणीमागं यायची, तिला मी सरळ सांगितलं की हे मोठ्यांचं आहे, पाच वर्षांनी ये. रुसली. मग रहस्यकथा घेऊन गेली.

मोठ्या मुलीच्या बाबतीतही काळजी करायच्या जागा आहेत. वाचून झोप उडत असेल, तेच प्रसंग डोळ्यांपुढं येत असतील, जेवण तुटलं असेल, तर पुस्तकानं जुन्या कुठल्यातरी जखमेला हात लावलाय असं धरा. अंगावर बेतलेलं काही असलं की काही बायका असली पुस्तकं टाळतात आणि काही मुद्दाम वाचतात, कारण इथं निदान शेवट आपल्या बाजूचा असतो. अशा वेळी पुस्तकावर वाद घालू नका. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि मुलगी प्रत्यक्षातल्या कुणाबद्दल बोलताना पुस्तकातलीच भाषा वापरायला लागली, "तो तसाच आहे, पण माझ्यासाठी बदलेल" असं काही, तर कान टवकारा. तिथं पुस्तक बाजूला राहतं, माणूस कोण आहे ते बघावं लागतं. धोका वाटला तर ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे.

तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मुलगी जेवते, झोपते, सेमिस्टरला पास होते, मैत्रिणींत असते. मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी पाचशे पानांची इंग्रजी कादंबरी वाचतेय, याचं तुम्हाला कौतुक वाटलं नाही, मला वाटलं. आमच्या गटातल्या दोघी इंग्रजीला घाबरायच्या. प्रेमपत्रापेक्षा लांब इंग्रजी मजकूर त्यांनी पहिल्यांदा वाचला तो या कवट्या-गुलाबांमुळं. तिथून एक पुढं जाऊन दुसऱ्या, बऱ्या कादंबऱ्यांकडं वळली. दुसरी अजून माफियातच आहे. असो.

मला खटकतंय ते वेगळंच. तिनं पुस्तक शोधलं आणि विचारलं नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. तुमच्या घरात आत्ता दोघीजणी एकाच पुस्तकाबद्दल गप्प आहेत. ते कुठं गेलं असेल ते तिला कळलंय, असं धरून चाला. घरात वस्तू लपवायच्या जागा मुलींना आयांपेक्षा जास्त माहीत असतात.

ती संक्रांतीला येईल तेव्हा पुस्तक तिच्या हातात द्या. मी काढून ठेवलं होतं, मला भीती वाटली म्हणून, एवढं सांगा. चार पानं वाचल्याचंही सांगा, लपवू नका. तिचा चेहरा उतरेल, लाजेल, कदाचित चिडेलही. तुम्हालाही लाज वाटेल. स्वयंपाक करता करता बोललं तर सोपं जातं, एकमेकींकडं बघावं लागत नाही. पोळ्या लाटताना माझ्या लेकीशी मी ज्या गोष्टी बोलले त्या समोरासमोर बसून कधी झाल्या नसत्या. पहिल्याच दिवशी संमती आणि कलम ७८ काढू नका. ती पोरगी आहे, आरोपी नाही. पत्र कुणी लिहिलं हा प्रश्न विचारायचाच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि पोथीची गोष्ट सांगून विचारा, तुमच्या आईनं तुम्हाला पाटावर बसवलं होतं का तेही सांगून. बहुतेक तीच तुम्हाला पुस्तकातल्या दहा चुका दाखवील.

कोठीमागून काढताना एक बघा. मधे खूण म्हणून काहीतरी असेल, बसचं तिकीट नाहीतर केसांची पिन. तुम्ही चार पानं वाचलीत तेव्हा ती पडली नसेल तर आहे तिथंच राहू द्या. पडली असेल तर बोलायला सुरुवात आयतीच झाली. पुस्तक पुढं करा आणि विचारा, "कुठपर्यंत आली होतीस गं?"